शेवटच्या साडीचा काठ

माझे यजमान गजेंद्र हिंगणघाटात गेली एकवीस वर्षं लग्नाचे फोटो काढतात, आणि गेली एकवीस वर्षं मी ऐकते आहे की फोटोत जे चांगलं येतं ते त्यांच्यामुळे आणि जे वाईट येतं ते नवरदेवामुळे. माणूस लाख चांगला. पण कॅमेऱ्याच्या बाबतीत त्यांना कोणी बोललेलं खपत नाही. मी बोललेलं तर मुळीच नाही, कारण मला मोबाइलसुद्धा सरळ धरता येत नाही असं त्यांचं ठाम मत आहे.

मी साड्या विकते. दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली, एक कपाट, एक दिवाण आणि व्हॉट्सॲपवर दोनशे तीस बायकांचा ग्रुप. या धंद्यात जिभेवर साखर लागते म्हणतात. माझ्या जिभेवर ती फार वेळ टिकत नाही, तरी धंदा चालतो, कारण माल मी पारखून आणते. एकदाच फसले. दिवाळीनंतर नागपूरच्या एका हातमाग प्रदर्शनात पांढऱ्याशुभ्र सुती साड्या दिसल्या. बिनकाठाच्या, पांढऱ्यावर पांढरीच बारीक बुट्टी. सूत इतकं मऊ की हात मागे घेववेना. पंधरा उचलल्या. घरी येऊन कपाटात लावताना डोक्यात उजेड पडला की आपल्याकडे सवाष्ण बाई निव्वळ पांढरं नेसत नाही, आणि जी नेसते तिच्यासाठी कोणी हौसेने साडी घ्यायला येत नाही.

"झाली का खरेदी?" गजेंद्रनी विचारलं. "आता ह्या पंधरायचा मांडव घालू आपन गच्चीवर."

दोन महिने रोज एकदा तरी मांडवाचं नाव निघालं. शेवटी जानेवारीत मी वैतागून म्हटलं, मांडव राहू द्या, एक फोटो तरी धड काढून द्या. लोकांच्या पोरींचे काढता ना?

मग काय, स्वारी खूश. गच्चीवर दोरी बांधली, सात साड्या चौपदरी घड्या घालून ओळीने टांगल्या. मागे शेजाऱ्यांचा गर्द कडुलिंब, आणि त्याच्या डोक्यावरून साड्यांच्या पाठीवर पडलेलं सकाळचं ऊन. साड्या अशा उजळल्या की बघवेना. गजेंद्रनी नवी लेन्स काढली. नवी म्हणजे त्यांना नवी, नागपूरच्या एका मित्राने वापरून विकलेली. तिला ते मऊ फडक्यात गुंडाळून ठेवतात. मला इतकं जपून कोणी कधी ठेवलेलं नाही.

"अपर्चर, म्हंजे लेन्सचं तोंड, पूर्ण उघडं ठेवलं ना, का मागचं झाड लोण्यावानी होते," ते म्हणाले. "पाह्यजो तू."

फोटो खरंच देखणा आला. मी तो ग्रुपवर टाकला आणि भाजी निवडायला बसले. अर्ध्या तासात देवळीहून आनंदाबाईंचा फोन.

आनंदाबाई म्हणजे देवळीच्या महिला भजन मंडळाच्या अध्यक्ष. पासष्टीच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी चालतो. माझ्या जुन्या गिऱ्हाईक.

"हर्षा, दोरीवरची शेवटची पाहिजे," त्या म्हणाल्या. "बीचवाल्या नाई, एकदम शेवटची. अकरा नग."

अकरा. माझ्या हातातली मेथी खाली पडली. "हो काकू, देते ना."

"बारीक काठ हाये थे. एकीकडून जांभळा, एकीकडून हिरवा. दोऱ्याएवढा."

"हो हो," मी म्हटलं. दुकानदाराची जात. गिऱ्हाइकाने मागितलं की आधी हो म्हणायचं, मग शोधायचं.

मग त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे साधारण आपण बोलतो तितका केला. "तुले सांगते, काऊन पाहिजे थे. आमची रुख्मिणी माहीत हाये ना तुले? तिचे मालक गेले त्याले चार वर्सं झाले. तवापासून पांढरं नेसते. आमच्या मंडळाचं लुगडं हिरवं. मंग थे म्हनते, तुमी बसा समोर, मी मागं बसून टाळ वाजवते. आता सांग, गळा तिचा आन् समोर आमी. कसं जमन? रंगीत तिले चालत नाई, निव्वळ पांढरं आमाले चालत नाई. दोन्हीच्या मधातलं लुगडं मी चार वर्सांपासून पाहून राह्यली. थे आज तुह्या फोटोत भेटलं. तिनंच बोट ठेवलं त्याच्यावर. रविवारी वर्ध्याले स्पर्धा हाये. शनिवारपावतर घेऊन येजो. अकराच्या अकरा जणी एकसारख्या दिसल्या पाहिजेत, मंग थे समोर बसनच."

रुख्मिणीताईंचं गाणं मी ऐकलेलं होतं. हिंगणघाटात एकदा त्यांच्या मंडळाचं भजन झालं होतं, त्यांचे मालक होते तेव्हा. बाई गायला लागली आणि समोर बसलेल्या बायकांनी पोरांना बिस्किटं देणंसुद्धा थांबवलं होतं. ती बाई मागे बसून टाळ वाजवते हे ऐकून मला वाईट वाटलं, आणि आपल्या कपाटातली साडी तिला पुढे आणून बसवणार म्हणून अंगावर मूठभर मांस चढलं.

ते मांस दहा मिनिटांत उतरलं. मी पंधराही साड्या दिवाणावर उलगडल्या. जांभळा काठ एकीलाही नव्हता. हिरवाही नव्हता. मी खिडकीशी नेऊन पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. पुन्हा मोबाइल उघडून फोटो बोटांनी मोठा केला. ओळीतल्या शेवटच्या साडीला एका कडेने जांभळी रेघ होती, दुसऱ्या कडेने हिरवी. नाजूक, जणू एखाद्या चांगल्या विणकराने मुद्दाम धरलेली. मधल्या साड्यांना काही नाही.

"अवो, इकडे या जरा," मी हाक मारली. "शेवटची साडी कुठं टाकली तुमी?"

"मी कायले टाकू? सात नेल्या, सात आनल्या."

"मंग हे काठवाली कुठं गेली?"

गजेंद्रनी फोटो पाहिला, साड्या पाहिल्या, आणि शांतपणे जाहीर केलं की वाऱ्याने शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेली असणार आणि त्यांच्या गच्चीवरची इकडे आली असणार. मी शेजारी जाऊन विचारूनही आले. शेजारणीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. तिच्या घरी पांढरी साडीच नव्हती.

परत आले ती तणतणत. पुन्हा फोटो पाहिला, आणि या वेळी साडीकडे नाही, भलतीकडेच लक्ष गेलं. फोटोच्या अगदी कोपऱ्यात शेजाऱ्यांच्या टाकीचा पांढरा पाइप आला होता. त्या पाइपालाही काठ होता. एकीकडून जांभळा, एकीकडून हिरवा.

"पाइपाले कोन काठ लावते?" मी विचारलं.

गजेंद्र लेन्सचं फडकं झटकायला लागले. हा माणूस असा उगाच कामाला लागला की समजायचं, उत्तर माहीत आहे.

"तुमच्या लेन्सनं लावला हा काठ."

"लेन्सले नावं ठेऊ नको. जापानची हाये."

"जापानची असो का बाजूच्या जाम्ब गावची. साडी दाखवा मले काठाची."

ते उठून दुसऱ्या खोलीत गेले. मी स्वयंपाकाला लागले आणि भांडी जरा जोरात ठेवली. पंधरा मिनिटांनी ते दारात येऊन उभे राहिले, हातात कॅमेरा. "चाल गच्चीवर. एक साडी घे," म्हणाले. चूक कबूल करण्याची त्यांची हीच पद्धत आहे, शब्दात ती कधी येत नाही.

पुढचा तासभर गच्चीवर जे झालं ते मला मनापासून आवडलं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. एकच साडी दोरीवर टांगली. आधी सकाळसारखाच फोटो काढला, अपर्चर पूर्ण उघडं आणि साडी चौकटीच्या कडेला. आला काठ. मग गजेंद्रनी लेन्सचं तोंड तीन पायऱ्या बारीक केलं आणि मोठ्या ऐटीत पडद्यावर पाहिलं. जांभळा पुसट झाला होता, पण गेला नव्हता. हिरवा तर जसाच्या तसा.

"असं कसं?" ते पुटपुटले.

"साडी मधात घेऊन पाहा ना," मी म्हटलं. "मधातल्यांले काठ नवताच ना सकाळी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू खोलीतला दिवाणच बोलला. पण कॅमेरा वळवला, साडी चौकटीच्या मधोमध घेतली. काठ जवळजवळ नाहीसा. मग उन्हाकडे पाठ करून दोरीच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले, म्हणजे ऊन साडीच्या तोंडावर आलं आणि मागे झाडाऐवजी आमची पिवळट भिंत. आता साडी नुसती पांढरी होती. मी विकत घेतली तशी.

"पांढरं एकदम झकपक आन् त्याच्या मागं काळंकुट्ट, तवाच येते हा," गजेंद्र सांगायला लागले. विषय निघाला की त्यांचा राग कुठल्या कुठे जातो. "आन् उजेड समोरून येत असन तं जास्तच. काचेतून उजेड वाकते ना, पन सगळे रंग सारखे नाई वाकत. जांभळा जास्त वाकते, लाल कमी. वरातीतले लोक कसे, निघतात एका घरून, पन मांडवात एकाच वेळी पोचत नाईत. जो रंग हुकला, थो कडंले उभा दिसते. मधात कमी हुकते, कोपऱ्यात जास्त."

"आन् चांगली लेन्स असली तं?"

"तं कमी हुकते," त्यांनी नाइलाजाने म्हटलं. "कॉम्प्युटरवर एक खूण केली का जाते बी थो. मी तुह्या साड्यायसाठी कायले करत बसू म्हनलं."

हे ऐकून माझं डोकं पुन्हा फिरलं, पण भांडायला वेळ नव्हता. मंगळवार होता. रविवारी स्पर्धा. आणि नसलेल्या साडीच्या अकरा नगांना मी हो म्हणून बसले होते.

त्या संध्याकाळी मी जे केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. बाजारातून जांभळी आणि हिरवी रिबीन आणली, सगळ्यात बारीक मिळाली ती, आणि एका साडीला मशीनवर शिवली. लेन्सने जी रेघ केसासारखी काढली होती ती माझ्या रिबिनीने बँडवाल्याच्या पॅन्टवरच्या पट्टीसारखी काढली. गजेंद्रनी जेवताना त्या साडीकडे पाहिलं आणि पुन्हा भाकरी मोडायला लागले. मांडवाचं नावसुद्धा काढलं नाही, हेच मला जास्त झोंबलं. मी बसून सगळी शिलाई उसवली.

बुधवारी नागपूरच्या व्यापाऱ्याला फोन केला. पांढऱ्यावर जांभळा बारीक काठ त्याच्याकडे नव्हता. जांभळी सुती साडी, हिरव्या काठाची, होती. एकसारख्या दहाच नग. मी विचार केला, दहाच तर हव्यात. दहा सवाष्णींना जांभळ्या, रुख्मिणीताईंना माझ्या कपाटातली पांढरी. तोडगा लंगडा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. दहा जांभळ्यांत एक पांढरी म्हणजे ती बाई आणखीच वेगळी दिसणार, आणि चार वर्षं ती त्याचसाठी मागे बसत होती. पण रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा बरं. गुरुवारी गाडीने माल आला.

शुक्रवारी सकाळीच आम्ही निघालो. शिव्या खायच्याच असतील तर एक दिवस आधी खाव्यात, म्हणजे काकूंना दुसरीकडे शोधायला वेळ मिळेल. जिनिंगच्या कारखान्यासमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, त्यात एसटी अर्धा तास अडकली. मी मांडीवर साड्यांचं गाठोडं घेऊन, गजेंद्र कॅमेऱ्याची बॅग घेऊन.

"तू सांगजो काकूले," ते म्हणाले.

"मी काऊन सांगू? काठ कोनी काढला?"

"हो कोनी म्हनलं?"

वर्ध्याला उतरून देवळीची गाडी पकडेपर्यंत हे चाललं. शेवटी ते म्हणाले, "बरं, मी सांगतो." आणि खिडकीबाहेर पाहायला लागले. मला त्यांची दया आली. गावोगावच्या बायकांसमोर आपल्याच फोटोला खोटं म्हणायचं, तेही लग्नसराईत, हे सोपं नव्हतं.

आनंदाबाईंच्या ओसरीवर तालीम चालली होती. दहा बायका गोल बसलेल्या, मध्ये पेटी आणि खंजिरी. रुख्मिणीताई सगळ्यांच्या मागे, दाराशी टेकून, मांडीवर टाळ. पन्नाशीच्या असतील. अंगणात खाटेवर आनंदाबाईंचे मालक पुंडलिकराव तुरीच्या उकडलेल्या शेंगा सोलून खात होते.

"एक दिवस अगोदर आली?" आनंदाबाई खूश झाल्या. "आन, दाखव काठ."

मी गाठोड्याची गाठ सोडायला लागले आणि ती सुटेना. तेवढ्यात गजेंद्र ओसरीच्या पायरीशी जाऊन उभे राहिले.

"काकू, काठ नाई हाये त्या साडीले," ते म्हणाले. "नवताच. थो माह्या लेन्सनं काढला. चूक माही हाये."

एकवीस वर्षांत हे तीन शब्द मी पहिल्यांदा ऐकले, आणि तेही अकरा बायकांच्या साक्षीने. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की काकूंची भीतीच गेली.

"काऊन थट्टा करून राह्यले बाप्पा," आनंदाबाई म्हणाल्या. "आमी मोठा करून पाह्यला फोटो."

मग गजेंद्रनी अंगणातल्या दोरीवर पांढरी साडी टांगली आणि गच्चीवरचा सगळा खेळ तिथे पुन्हा करून दाखवला. एक फोटो चुकीचा, एक बरोबर. दहा डोकी कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर वाकली. काठ आला, काठ गेला. बायकांना मजा वाटायला लागली. एक जण तिची पांढरी बांगडी धरून म्हणाली, हिलेही काठ काढा. दुसरीच्या मात्र भुवया वर गेल्या.

"मंग माह्या पोरीच्या लग्नात नवरदेवाच्या फेट्याले जांभळी कड होती ते?" तिने विचारलं. "तवा तं तुमी म्हनले, नवी फॅशन हाये."

"ते बी हेच," गजेंद्र खाली मान घालून म्हणाले. "पाठवा, मी कॉम्प्युटरवर नीट करून देतो."

सगळ्या हसल्या. आनंदाबाई हसल्या नाहीत. त्या दोरीवरच्या साडीकडे पाहत उभ्या होत्या. मी पुढे झाले, माफी मागितली, आणि माझा लंगडा तोडगा मांडला. जांभळ्या दहा साड्या ओसरीवर ठेवल्या, शेजारी एक पांढरी.

"दहा तुमाले, आन् ही पांढरी रुख्मिणीताईले," मी म्हटलं.

"मंग काय झालं?" आनंदाबाईंचा आवाज उतरला होता. "थे मागंच बसन ना पोरी. मले अकरा एकसारख्या पाहिजे होत्या."

रुख्मिणीताई इतका वेळ दाराशीच बसून होत्या. आता त्या उठून पायरीशी आल्या आणि त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा बघायला मागितला. काठ असलेला फोटो बराच वेळ पाहिला.

"भाऊ, लुगड्यात जांभळा नाई, भिंतीत नाई, झाडात नाई," त्यांनी गजेंद्रना विचारलं. "मंग हा आला कुठून?"

"पांढऱ्या उजेडातच असते ताई. सगळे रंग मिळूनच पांढरा होते. काचेनं सारखे नाई वाकवले, मनून एक-दोन बाहेर पडले."

"म्हंजे पांढऱ्यातच होता थो."

"हो, पांढऱ्यातच."

त्यांनी मान हलवली. मग ओसरीवर बसून जांभळ्या साडीची घडी मांडीवर घेतली आणि सुतावरून हात फिरवला. पारखी बाई, कापड उलटं करून आतली बाजूही पाहिली.

"आनंदाबाई, मी त्या फोटोवर बोट काऊन ठेवलं, हे तुमी मले विचारलंच नाई," त्या म्हणाल्या.

"पांढरं होतं मनून ना?"

"काठ होता मनून. जांभळा दिसला मले थो." त्या अगदी साध्या आवाजात बोलत होत्या, भाजीचा भाव सांगावा तशा. "मले जांभळा पहिल्यापासून आवडते."

आनंदाबाई म्हणाल्या, "मंग तू चार वर्सं पांढरं काऊन नेसून राह्यली?"

"तेरवीले सात लुगडे आले ना पांढरे. दोन तुमीच देल्ले. त्यानंतर रंगाचं कोनी देल्लंच नाई, आन् मी मागतलं असतं तं तुमी काय म्हनल्या असत्या? मी म्हनलं, हे फाटले का मंग पाहू." त्यांनी स्वतःचा पदर चिमटीत धरला. "चांगल्या सुताचे हायेत. फाटतच नाई."

आधी पुंडलिकराव हसले, खाटेवरून. मग रुख्मिणीताई स्वतः. मग सगळ्याच. मी हसले, पण मला स्वतःचा रागही आला. नागपूरला दहाच आहेत म्हटल्यावर मी अकरावी शोधलीच नव्हती. साड्यांचा धंदा करते, बाईच्या नजरेवरून तिला काय हवं ते ओळखते म्हणून मिरवते, आणि या बाईला विचारायचं माझ्याही मनात आलं नव्हतं. तिची पांढरी मीच ठरवून, घडी घालून, गाठोड्यात बांधून आणली होती.

आनंदाबाई हसत नव्हत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि एकदम कामाला लागल्या. वरची जांभळी उचलून रुख्मिणीताईंच्या हातात दिली. मग बाकीच्या वाटायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. नवव्या बाईच्या हातात दहावी साडी गेली आणि आनंदाबाईंचे हात रिकामे झाले.

"काकू, मी नागपूरले फोन करते," मी म्हटलं, आणि म्हणतानाच मला माहीत होतं की तिथे अकरावी नाही.

"नको." त्यांनी ओसरीवर उरलेली पांढरी उचलली. "मी हे नेसते रविवारी."

बायकांत कुजबुज झाली. जिच्या जावयाच्या फेट्याला कड होती तीच म्हणाली, "अवो, सवाष्ण बाई हाय तुमी. लोक काय म्हनतीन? निव्वळ पांढरं हाये थे."

साडी हातात धरून आनंदाबाईंनी अंगणात खाटेकडे पाहिलं, आणि तिथे त्यांची नजर अडली. चार वर्षं त्या ज्याला चालत नाही म्हणत होत्या, ते आता त्यांच्याच हातात होतं. मला वाटलं, आता त्या ती परत ठेवतील.

पुंडलिकरावांनी शेंगेची साल बाजूला टाकली. "मी हाये ना अजून," ते म्हणाले. "नेस."

रुख्मिणीताई जांभळी नेसून बघायला आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी पदर दोनदा सारखा केला आणि दाराशी, आपल्या नेहमीच्या जागेकडे वळल्या. तिथे आनंदाबाई आधीच जाऊन बसल्या होत्या, मांडीवर पांढरी साडी आणि हातात टाळ घेऊन. समोरची जागा रिकामी होती. रुख्मिणीताई क्षणभर उभ्या राहिल्या, मग पेटीजवळ जाऊन बसल्या, आणि पेटीवालीने सूर धरायच्या आत त्यांनी गायला सुरुवात केली.